पवनचे अडीच कोटी

2023 च्या ऑक्टोबरमध्ये प्रो कबड्डीच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. त्या हंगामात एका संघाला सगळे खेळाडू मिळून 5 कोटीच खर्च करता येत होते. म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम एकाच चढाईपटूच्या नावावर गेली. मध्य प्रदेशातल्या आमच्या लांजीत या आकड्यावर अजून वाद होतात. आमच्याकडे धान घरात आलं की कबड्डीचे सामने लागतात, बाघ नदीपलीकडून आमगाव-गोंदियाचे संघ येतात, आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळात हा विषय निघतोच: एका माणसाला एवढे पैसे द्यावेत का?

या वादाची सगळ्यात खरी बाजू मला ऐकायला मिळाली ती मोहल्ल्यातल्या मामाजींच्या ओट्यावर. मामाजी निवृत्त शिक्षक. वर्गात गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की पोरांना मातीत उतरवायचे. त्यांची भाची नागपूरला अर्थशास्त्र शिकते आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळते. छत्तीसगडला लागून असलेल्या आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. तरी त्या संध्याकाळी मामाजींनी तिला एकही मुद्दा फुकट सोडला नाही, आणि तिनंही त्यांना सोडला नाही. खाली आहे ते दोघांचं बोलणं. जिथं मला राहवलं नाही तिथं मी मध्ये आलो आहे.

मामाजी : आपण आधी गावातला हिशोब करू बाई. आपल्या मध्य प्रदेशात लहान वर्गांना शिकवणाऱ्या अतिथी शिक्षकाचं मानधन 2023 मध्ये दुप्पट झालं. दुप्पट होऊन किती? महिन्याचे 10 हजार. बाराही महिने मिळाले असं धरलं तरी वर्षाचे 1 लाख 20 हजार. पवनच्या एका हंगामाएवढं कमवायला त्या मास्तराला 217 वर्षं लागतात. हे कोणत्या न्यायात बसते?

भाची : कोणत्याच नाही. पण मामाजी, पवनला अडीच कोटींऐवजी अडीच लाख दिले तर त्या मास्तराच्या हातात एक रुपया तरी जास्त पडेल का? त्याचं मानधन भोपाळला ठरतं. पवनचं ठरतं टीव्हीच्या जाहिरातींवर. मास्तराला कमी मिळतं हा अन्याय आहेच, पण तो पवननं केलेला नाही.

मामाजी : बरं, मास्तराला बाजूला ठेव. त्याच संघातल्या पोरांचं बोल. पाच कोटींतले अडीचहून जास्त एकट्याला गेले, तं बाकीच्या सगळ्यांना मिळून अडीच कोटीही उरले नाहीत. आणि निकाल काय लागला? बावीस सामन्यांत दोन विजय. संघ तळाला! कबड्डीत सात जण मैदानात असतात. चढाईपटू एकटा जातो खरा, पण तो बाद झाला तं त्याला परत आत आणतात ते बाकीचे सहा. त्याच्या आदल्या वर्षीचं आठव. तमिळ थलैवाजनं ह्याच पवनवर 2 कोटी 26 लाख लावले होते. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, आणि हंगाम संपला त्याचा. तरी थलैवाज उपांत्य फेरीपर्यंत गेले. नवख्या पोरांनी नेले.

भाची : मग पुणेरी पलटनचंही सांगा ना. तळाला गेलेल्या टायटन्सच्याच हंगामात पलटननं इराणच्या शादलूवर 2 कोटी 35 लाख लावले आणि विजेतेपद घेतलं. महाग खेळाडू घेतल्यानं संघ बुडतो असंही नाही, तरतो असंही नाही. ते संघ बांधणाऱ्याच्या डोक्यावर आहे. टायटन्सच्या व्यवस्थापनानं थैली नीट वापरली नाही, त्याचा राग पवनवर का काढायचा? आणि बोली त्यानं लावली नव्हती. लिलावात खेळाडू तोंडही उघडत नाही.

हे तिचं म्हणणं मला पटलं. लिलावाची बातमी आपण अशी वाचतो जणू खेळाडूनंच ती रक्कम मागून घेतली.

मामाजी : ठीक. मालकाची चूक मालकाच्या पदरात. पण रक्कम तं त्याच्याच घरी गेली ना?

भाची : गेली. किती दिवस जाईल तेही बघा. परदीप नरवालचं नाव घ्या. प्रो कबड्डीत चढाईचे 1800 हून जास्त गुण एकट्या त्याचे, दुसरा कोणी नाही. 2021 मध्ये यूपी योद्धानं त्याला 1 कोटी 65 लाखांना घेतलं. 2025 च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही, आणि त्यानं निवृत्ती जाहीर केली. चार वर्षांत विक्रमी बोलीपासून शून्यावर. तुमच्या पवनलाही त्याच लिलावात साडेएकोणसाठ लाख मिळाले. मास्तर साठीपर्यंत शिकवू शकतो. चढाईपटूचा गुडघा, त्याचा घोटा तिशीनंतर किती चालतो ते तुम्हालाच जास्त माहीत.

मामाजी काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्या हाताखाली खेळलेली किती पोरं आज वाकड्या गुडघ्यानं धानाचं पोतं उचलतात, हे त्यांना खरंच माहीत आहे. पण मुद्दा त्यांनी सोडला नाही.

मामाजी : गुडघे सगळ्यांचेच जातात बाई, ज्याला दोन कोटी मिळतात त्याचेही आणि ज्याला काहीच मिळत नाही त्याचेही. गुडघ्यापायी पैसे द्यायचे असतील, तं सगळ्यांना द्या.

भाची : हा मुद्दा मी लक्षात ठेवते, त्याच्याकडे परत येऊ. आधी एक सांगा. आपल्या सामन्यांत चढाईपटूनं तीन गडी एकदम मारले की भोंग्यावरून नाव पुकारतात, ‘अमुक भाऊंकडून 101 रुपये, तमुक शेठकडून 501 रुपये’. तुम्हीसुद्धा कितीदा दिलेत. कोणी जबरदस्ती केली होती का?

मामाजी : नाही. मनानं दिले.

भाची : नेमकं हेच रॉबर्ट नोझिक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1974 मध्ये लिहिलं होतं, आणि उदाहरण घेतलं ते बास्केटबॉलचं, विल्ट चेंबरलेनचं. समजा, समाजात पैसा तुम्हाला हवा तसा न्यायानं वाटलेला आहे. मग लोक सामन्याला येतात, आणि प्रत्येक जण तिकिटातले 25 सेंट चेंबरलेनसाठी वेगळ्या पेटीत टाकतो. हंगामात दहा लाख लोक आले तर त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतील. वाटणी विषम झाली, पण प्रत्येकानं आपल्या खुशीनं दिलं. मग ते पैसे हिसकावून घ्यायचा हक्क कुणाला? भोंग्यावरच्या 501 रुपयांची आणि पवनच्या अडीच कोटींची जात एकच आहे. एकाला शंभर माणसं बघतात, दुसऱ्याला टीव्हीवर कोट्यवधी.

मामाजी : तुझ्या त्या नोझिकनं कबड्डी पाहिली नाही. मी सांगतो काय होते ते. चढाईपटूला 501 पडतात. डाव्या कोपऱ्यातला पोरगा घोटा धरतो, समोरच्याचा सगळ्यात तगडा गडी आडवा करतो, सामना तिथं फिरतो. त्याच्या नावानं भोंगा वाजते का? कधीमधी. लोकांची नजर धावणाऱ्याकडे जाते, धरून ठेवणाऱ्याकडे जात नाही. लोकांनी खुशीनं दिलं हे खरं आहे. पण लोकांनी जे पाहिलं त्यालाच दिलं. जे पाहिलंच नाही त्याचा हिशोब कोण करणार? आणि त्या पेटीत चेंबरलेनला 25 सेंट पडत होते, तेव्हा समोरचा संघ नसता तं तो खेळला कोणाशी असता? एकट्यानं कबड्डी खेळता येत नाही, बास्केटबॉलही येत नसेल.

हा त्या संध्याकाळचा सगळ्यात वजनदार मुद्दा होता, असं मला आजही वाटतं. शिंपी एकटा कपडा शिवू शकतो, गवई एकटा गाऊ शकतो. खेळाडूला मात्र स्वतःची किंमत दाखवण्यासाठी हरणारा माणूसही लागतो. स्टारच्या कमाईत त्या हरणाऱ्याचा वाटा आहेच. तो किती, हे पेटीतल्या नाण्यांवरून कळत नाही. भाचीला हे उत्तर येणार हे ठाऊक असावं, कारण ती अडखळली नाही. तिनं प्रश्नच दुसरीकडे नेला.

भाची : मान्य. मग स्टारच्या पलीकडे बघू, सगळ्या खेळाडूंचा मिळून वाटा किती? आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. वर्षाला झाले 9,678 कोटी. 2025 च्या हंगामात दहा संघांना खेळाडूंवर प्रत्येकी 120 कोटी खर्चायची मुभा होती, म्हणजे 1,200 कोटी. त्यावर मॅच फीसाठी प्रत्येक संघाचे 12 कोटी 60 लाख. सगळे मिळून 1,326 कोटी. टीव्हीच्याच पैशांचा हा सातवा हिस्साही होत नाही, आणि यात तिकिटं, प्रायोजक धरलेलेच नाहीत. तुम्ही गणिताचे मास्तर, सांगा चुकलं का काही?

मामाजी : नाही चुकलं. पण उरलेल्यातून रणजी चालते, राज्याराज्यांत मैदानं होतात. तो पैसा काही सगळाच मालकाच्या खिशात जात नाही.

भाची : सगळा नाही जात. पण खेळणाऱ्यांना विचारून वाटलाही जात नाही. ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले तेव्हा गावभर चर्चा झाली. बाकीचे आठ हजार कोटी कुठं गेले यावर कोणी एक शब्द बोललं नाही. अमेरिकेत एनबीएमध्ये बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास अर्धा भाग खेळाडूंचा असतो. करारात तसं लिहिलेलं आहे. जेसन टेटमचा 2024 मधला करार पाच वर्षांचा, सुमारे 31 कोटी 40 लाख डॉलरचा. तो सुरू व्हायच्या आधीच, 2025 च्या मे महिन्यात, त्याच्या टाचेची शीर तुटली. तरी ती रक्कम त्याचीच राहिली. तुम्ही गुडघ्याचं म्हणालात ना? तिथं दुखापतीचं ओझं मालकावर पडतं. पवनची बोली एका हंगामाची. गुडघा गेला आणि पुढच्याच वर्षी त्याला परत लिलावात उभं राहावं लागलं.

मामाजी : तिथले मालक एवढे दिलदार निघाले काऊन?

भाची : नाही निघाले. त्यांच्याकडून घ्यावं लागलं. ही गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच होती.

आणि तिनं ती सांगितली, मन लावून. 14 जानेवारी 1964, बॉस्टन. निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना, देशभर टीव्हीवर दाखवला जाणार होता. खेळाडूंची संघटना कित्येक वर्षं निवृत्तिवेतन मागत होती आणि मालक पुढच्या तारखा देत होते. त्या रात्री बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, खुद्द विल्ट चेंबरलेन, सगळे खोलीत बसून राहिले. निवृत्तिवेतनाचा शब्द मिळेपर्यंत मैदानात पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. लेकर्सच्या मालकानं वेस्ट आणि बेलर यांच्यासाठी धमकीचा निरोप पाठवला. कोणी हललं नाही. टीव्हीचे कॅमेरे थांबलेले, प्रेक्षक बसलेले. शेवटी लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि मगच सामना सुरू झाला.

पुढचं रॉबर्टसननं केलं. तेव्हा खेळाडू ज्या संघात आला त्या संघाचाच राही. मालक सांगेल ती रक्कम घ्यायची किंवा खेळ सोडायचा. संघटनेचा अध्यक्ष म्हणून 1970 मध्ये रॉबर्टसननं या पद्धतीविरुद्ध कोर्टात दावा लावला. 1976 मध्ये तडजोड झाली आणि करार संपल्यावर दुसरीकडे जायची वाट उघडली. तोवर रॉबर्टसनला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आज जे तिशीच्या आत कोट्यवधी डॉलर कमावतात, ते त्यानं उघडलेल्या दारातून गेले आहेत.

मामाजी : पहा, हे मला आवडलं. मोठ्या माणसांनी आपलं मोठेपण सगळ्यांसाठी पणाला लावलं. असा स्टार असेल तं घेऊ दे त्याला काय घ्यायचं ते.

भाची : पण त्यांनाही हवं ते घेता येत नाही. 1997 मध्ये केविन गार्नेटचा सहा वर्षांचा 12 कोटी 60 लाख डॉलरचा करार झाला आणि मालक घाबरले. त्याच मोसमात मायकेल जॉर्डनचा एका वर्षाचा पगार 3 कोटी 31 लाख डॉलरच्या वर गेला. अख्ख्या संघाची ठरलेली पगारमर्यादा त्याच्याहून कमी होती! पुढच्या मोसमात मालकांनी टाळं ठोकलं. 1999 च्या जानेवारीत समझोता झाला, मोसम पन्नास सामन्यांचा उरला. त्या करारात एका खेळाडूचा जास्तीत जास्त पगार किती, याची सीमा आली. पण सोबत किमान पगार वाढला, आणि मधल्या फळीच्या खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आली. म्हणजे आज ज्याला आपण भरमसाट म्हणतो तो पगार आधीच छाटलेला आहे. खुला लिलाव झाला तर सर्वांत मोठ्या खेळाडूला त्याहून कितीतरी जास्त मिळेल.

मामाजी : मंग तू माझ्याच बाजूची झालीस की! एकाला सीमा घाला, खालच्याला वर उचला. मी मघापासून दुसरं काय म्हणून राहिलो?

भाची : तुम्ही म्हणता, स्टारचे कमी करा. मी म्हणते, आधी मालकाकडून अर्धा हिस्सा घ्या, मग तो आपसात कसा वाटायचा ते खेळाडू बसून ठरवतील. हा क्रम उलटा केला तर स्टारचे कापलेले पैसे मालकाकडेच राहतील. आणखी काही होणार नाही.

मला वाटतं, वाद इथं खरा सुरू झाला. इथवर दोघंही ‘लायकी’ हा शब्द वापरत होते, मीही मनात तोच धरून बसलो होतो. पण लायकी मोजायची तर मामाजींकडे आणखी एक पत्ता होता, आणि तो त्यांनी भाचीच्याच वाटेनं टाकला.

मामाजी : तू बास्केटबॉल खेळतेस. तुझे किती पैसे?

भाची : माझे? बसभाड्याचेसुद्धा नाहीत.

मामाजी : आणि कबड्डीतल्या पोरींचे? 2016 मध्ये प्रो कबड्डीनं तीन संघांची महिलांची स्पर्धा घेतली, पुढं ती चालवलीच नाही. 2025 च्या नोव्हेंबरात आपल्या पोरी ढाक्याला जाऊन जगज्जेत्या झाल्या. त्यांच्यातल्या कोणावर कोटीची बोली लागली? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या पोरींना शिकवलं, 2018 च्या एशियाडमध्ये आपल्यालाच हरवून सुवर्ण नेलं. एवढं ज्ञान घेऊन त्यांना इराण गाठावं लागलं. लोक खुशीनं देतात म्हणतेस. लोकांपुढं ठेवलंच नाही तं देतील कशाला?

भाची : हो. हे खरं आहे. अमेरिकेतही तेच. 2024 मध्ये महिला बास्केटबॉलमधल्या केटलिन क्लार्कच्या सामन्यांना स्टेडियम भरत होती, आणि तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता 76,535 डॉलर.

मामाजी : आपली सांगलीची स्मृती मंधाना घे. 2023 मध्ये महिलांच्या लीगच्या पहिल्या लिलावात 3 कोटी 40 लाख मिळाले, चांगलं झालं. पण 2022 मध्ये ती काय वाईट खेळत होती? तीच बॅट, तेच हात. तिची लायकी एका वर्षात एवढी वाढली का? लीग नव्हती तेव्हा तिच्यावर इथं बोलीच लागली नाही. मंग हा भाव लायकीचा कसा? ज्यानं बाजार मांडला त्याच्या मर्जीचा भाव आहे हा.

भाचीनं यावर वाद घातला नाही. मीही घालू शकलो नाही. परदीप नरवाल 2021 मध्ये दीड कोटीच्या वरचा होता आणि 2025 मध्ये कुणालाच नको होता, यातही त्याची लायकी मोजली गेली नव्हती. मोजली गेली ती मालकांची गरज. म्हणून ‘एवढ्या पैशांची त्याची लायकी आहे का’ हा प्रश्न मी त्या दिवसापासून सोडून दिला आहे. माझा कौल भाचीकडे आहे. जोवर पैसा खेळातून येतो आहे तोवर तो खेळणाऱ्याच्या घरी गेलेला मला बरा वाटतो, आणि पवनचे अडीच कोटी मला खुपत नाहीत. मला खुपतं ते हे, की त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कोपरारक्षकाला आपला भाव ठरवताना तोंड नाही, आणि कबड्डीतल्या मुलींना तर एवढ्या मोठ्या लिलावाचं मैदानच नाही.

मामाजींचा कौल अर्थात वेगळा राहिला. त्यांनी भाचीला शेवटी गावच्या सामन्यांवर आणून उभं केलं.

मामाजी : ते सगळं जाऊ दे. यंदा आयोजनात मी आहे. भोंग्यावर जे बक्षीस पुकारतील, त्यातला चौथा हिस्सा चढाईपटूला आणि बाकीचे संघाच्या पेटीत, असा नियम मी घालून घेतो.

भाची : नियम तुम्ही का घालणार? खेळणाऱ्यांना विचारा.

मामाजी : विचारू कोणाला? ते सामन्यापुरते जमतात, दुसऱ्या दिवशी आपापल्या शेतात.

भाची : प्रत्येक संघातून एक जण बोलवा, पहिल्या दिवशी, सामने लागायच्या आधी. आणि मुलींचा सामना त्याच मैदानावर, त्याच भोंग्यावर घ्या, सकाळी कोणी नसताना नको. चौथा की अर्धा ते त्यांनाच ठरवू द्या.

मामाजी : पोरींचा सामना संध्याकाळी घेऊ, ते कबूल. पण पोरं अर्धा म्हणाली तं?

भाची : मग अर्धा.

मामाजी : अर्धा जास्त होते बाई.

ती अर्ध्यावर अडून राहिली आणि मामाजी चौथ्या हिश्श्यावर. संघांना बोलवायचं मात्र दोघांनी मिळून ठरवलं, आणि कोणत्या गावाला निरोप कोणाच्या हाती द्यायचा याची यादी भाचीनं तिथंच लिहायला घेतली.